सर्व्हर वाढवले म्हणजे काम वाटलं गेलं असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याचे बहीण-भाऊ सत्तरी, सांगे आणि काणकोणातल्या घरगुती होमस्टेंचं आणि कुळागरांतल्या, म्हणजे सुपारी-माडांच्या बागांतल्या, सहलींचं ऑनलाइन बुकिंग सांभाळतात. साइट भाड्याच्या एकाच सर्व्हरवर आहे. नाताळाच्या आठवड्यात ती बसली आणि ३१ डिसेंबरची एक खोली दोन कुटुंबांना गेली. व्हेंडर म्हणतो, क्लाउडवर टाका, गर्दी झाली की सर्व्हर आपोआप वाढतील आणि काम वाटलं जाईल. बाबांचं म्हणणं, त्याच पैशात घरी एक दणकट कॉम्प्युटर घेऊन ठेवू. दूरच्या सर्व्हरांवर काम नेमकं वाटलं जातं कसं, आणि आम्हाला त्याची गरज आहे का?

व्हेंडरचं म्हणणं अर्धं खरं आहे. सर्व्हर आपोआप वाढतात. काम आपोआप वाटलं जात नाही. ते वाटता येईल अशी प्रोग्रामची मांडणी आधी करावी लागते. तुमच्या दोन तक्रारींपैकी पहिलीवर, म्हणजे साइट बसण्यावर, क्लाउडकडे चांगला उपाय आहे. खोली दोनदा जाण्याचं दुखणं मात्र आज आहे त्याच कोडसकट क्लाउडवर गेलात तर वाढेल. असं का, ते नीट कळावं म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी बाबांचा मुद्दा. हिशेब, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, फोटोंचा साठा यांसाठी घरचा कॉम्प्युटर उत्तम. बुकिंगसाठी नको. जून लागला की आपल्याकडे माडाची झावळ तारांवर पडायला वेळ लागत नाही. वीज गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरतो, पण ती परत येताना व्होल्टेज वरखाली होतं आणि त्यात पॉवर सप्लाय जळतात. दमट, खारट हवेने मदरबोर्डवरचे जोड काळे पडतात. शिवाय घरी येणारी इंटरनेट लाइन एकच. रस्ता खणताना ती तुटली की जगासाठी तुमचं दुकान बंद. डेटा सेंटरमध्ये दोन बाजूंनी वीज, जनरेटर, वातानुकूलन आणि अनेक कंपन्यांच्या फायबर लाइन असतात. तेवढी सोय एका घरासाठी करणं कुणालाच परवडणार नाही. भाडं खरं तर त्याचंच असतं.

क्लाउड म्हणजे तरी कुणाच्या तरी इमारतीतले खरेखुरे कॉम्प्युटरच. एका मोठ्या यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रं असल्यासारखं भासवण्याची युक्ती आयबीएमने १९६० च्या दशकातच साधली होती. आज हे काम हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर करतं. प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे पाडून प्रत्येक भाडेकरूला त्याचं वेगळं यंत्र दाखवलं जातं. अ‍ॅमेझॉनने २००६ साली मार्चमध्ये फाइली साठवण्याची एस३ ही सेवा आणि ऑगस्टमध्ये असे आभासी सर्व्हर तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा आजचा धंदा उभा राहिला. आता भाडं सेकंदांवर मोजतात. महिन्याला चार दिवसच दहा सर्व्हर लागत असतील तर चार दिवसांचेच पैसे द्यायचे, ही यातली खरी कमाई.

हे सर्व्हर कुठे आहेत, हा प्रश्न व्हेंडरला सगळ्यात आधी विचारा. अ‍ॅमेझॉनची केंद्रं मुंबईला २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहेत. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून आहे. गुगलचं मुंबईत २०१७ ला आणि दिल्लीत २०२१ ला सुरू झालं. गोव्यात यांपैकी कुणाचंच नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई केबलचा मार्ग सहाशे किलोमीटर धरला तर जाऊन यायला सहा मिलिसेकंद लागतात. मधली यंत्रं धरून प्रत्यक्षात वीस-तीस. हाच सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात असेल तर एका फेरीला दोनशेच्या आसपास. वाटायला हे थोडंच वाटतं. पण पान उघडायला साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याची एक फेरी, जोडणीची एक, कुलूपबंद संवाद ठरवण्याची एक किंवा दोन, आणि मग पान मागण्याची एक लागते. चार-पाच फेऱ्यांत जवळजवळ एक सेकंद गेला, आणि अजून फोटो यायचेच आहेत. सेटअप करताना केंद्राचा जो प्रदेश समोर आला तोच ठेवून दिला, अशा साइट मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गोव्याची खोली, दिल्लीचा गिऱ्हाईक आणि मध्ये विनाकारण अमेरिकेची वारी.

मुंबईसारख्या एका प्रदेशात पुन्हा वेगवेगळे झोन असतात. झोन म्हणजे स्वतंत्र इमारती, त्यांची वीज वेगळी, नेटवर्क वेगळं. अ‍ॅमेझॉनचे मुंबईत असे तीन आहेत. एका झोनची वीज गेली तरी दुसरा चालू राहावा म्हणून ही व्यवस्था. दोन सर्व्हर घेऊन दोन्ही एकाच झोनमध्ये ठेवले तर या व्यवस्थेचा उपयोग शून्य.

आता एका गिऱ्हाइकाची विनंती कशी फिरते ते पाहा. मोबाइलवरून ती आधी लोड बॅलन्सरकडे, म्हणजे आलेलं काम सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेकडे, येते. तुमच्या साइटचा पत्ता बाहेरच्या जगाला त्याच्याच नावाने माहीत असतो. त्याच्यामागे समजा तीन सर्व्हर आहेत. साधी रीत म्हणजे पाळीपाळीने देणं: पहिली विनंती पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला. पण एखादी विनंती हलकी असते, एखादी जड. म्हणून ज्याच्या हातात सध्या कमी कामं आहेत त्याला द्या, ही रीत बहुतेक वेळा बरी पडते. सर्व्हर शेकडो असतील तर प्रत्येकाची ताजी स्थिती ठेवणंच महाग होतं. तेव्हा कोणतेही दोन निवडून त्यातल्या मोकळ्याला काम देतात. एवढ्याशा युक्तीने वाटप आश्चर्य वाटावं इतकं सारखं होतं, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. तुम्हाला तिची गरज पडणार नाही, पण मला ती फार सुंदर वाटते म्हणून सांगितली.

लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला ‘आहेस ना?’ असं विचारतो. याला हेल्थ चेक म्हणतात. लागोपाठ दोन-तीनदा उत्तर आलं नाही की त्या सर्व्हरला पाळीतून काढतो. इथे एक चूक हमखास होते. हेल्थ चेकच्या पानात कुणीतरी बुकिंगच्या नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसचीही तपासणी घालून ठेवतो. मग गर्दीत डेटाबेस जरासा मंदावला की तिन्ही सर्व्हर एकदम ‘आजारी’ ठरतात, तिन्ही बाहेर काढले जातात, आणि हळू चालणारी साइट पूर्ण बंद पडते. सर्व्हर स्वतः जिवंत आहे का, एवढंच त्या पानाने सांगावं.

वाटपाचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. देवळातल्या महाप्रसादाला वाढपी हवे तेवढे वाढवता येतात, पण कोठीची किल्ली एकाच्याच कमरेला असते. सर्व्हर हे वाढपी आणि डेटाबेस ही कोठी. ज्या कामाला काही लक्षात ठेवावं लागत नाही ते कितीही जणांत वाटता येतं. ज्यात काही लक्षात ठेवायचं आहे त्याची जागा एकच ठरवून द्यावी लागते.

तुमचा प्रोग्राम एकाच सर्व्हरसाठी लिहिलेला आहे, म्हणजे त्याने तीन गोष्टी नकळत त्या सर्व्हरच्या पोटात ठेवल्या असणार. पहिली लॉगिनची आठवण. गिऱ्हाईक पहिल्या सर्व्हरवर लॉगिन झालं आणि पुढचं पान दुसऱ्या सर्व्हरने दिलं, तर तो पुन्हा पासवर्ड मागणार. एका गिऱ्हाइकाला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवायची सोय लोड बॅलन्सरमध्ये असते. पण तो सर्व्हर गेला की त्याची सगळी माणसं बाहेर फेकली जातात. त्यापेक्षा ही आठवण सगळ्या सर्व्हरांना दिसेल अशा सामायिक जागी ठेवा. रेडिस हे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात. दुसरी गोष्ट फोटो. होमस्टेवाल्याने चढवलेला फोटो एका सर्व्हरच्या डिस्कवर पडतो आणि बाकीच्या दोघांना दिसत नाही. तो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे एस३ सारख्या फाइली साठवण्याच्या सामायिक सेवेत, जायला हवा. तिसरी गोष्ट ठरावीक वेळी चालणारी कामं. ‘उद्या तुमचं आगमन आहे’ हा संदेश तीन सर्व्हरांनी तीनदा पाठवला की पाहुणे विचारणारच. हे काम एकाच ठिकाणाहून चालवा.

आता ती ३१ डिसेंबरची खोली. तुमच्याकडे एकच सर्व्हर असताना ती दोघांना गेली, यातच कारण दडलेलं आहे. एक सर्व्हरसुद्धा एका वेळी अनेक विनंत्या हाताळतो. प्रोग्राम बहुधा असा असेल: आधी डेटाबेसला विचार, खोली शिल्लक आहे का, असेल तर पैसे घे, मग नोंद कर. पुण्याच्या कुटुंबाने विचारलं, उत्तर आलं ‘शिल्लक एक’. त्यांचं यूपीआय चालू असतानाच बेळगावच्या कुटुंबाने विचारलं. नोंद अजून झालेली नाही, म्हणून त्यांनाही ‘शिल्लक एक’. दोघांनी पैसे भरले, दोघांची नोंद झाली. कुणीही खोटं बोललं नाही. विचारणं आणि नोंदणं यांच्यामध्ये वेळ गेला, एवढंच. काहीजण सर्व्हरच्या मेमरीत एक कुलूप घालून हा प्रश्न सोडवतात. सर्व्हर एक आहे तोवर ते चालतं. दोन झाले की एकाचं कुलूप दुसऱ्याला दिसत नाही आणि दुखणं परत वर येतं.

उपाय डेटाबेसमध्येच करायचा. प्रत्येक खोलीची प्रत्येक रात्र ही एक वेगळी ओळ धरा आणि ‘खोली आणि तारीख ही जोडी दुसऱ्यांदा येता कामा नये’ असा नियम, म्हणजे युनिक कन्स्ट्रेंट, डेटाबेसमधल्या त्या तक्त्यावर घाला. गिऱ्हाइकाने ‘बुक करा’ दाबताच, पैसे मागण्याआधी, त्या ओळी ‘राखीव, दहा मिनिटांसाठी’ म्हणून घाला. दोन सर्व्हर एकाच क्षणी एकच ओळ घालायला आले तर डेटाबेस एकाला थांबवतो, पहिल्याची नोंद पक्की झाली की दुसऱ्याला नकार देतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधीच ‘खोली नुकतीच गेली’ असं कळतं. ३०, ३१ आणि १ अशा तीन रात्री असतील तर तिन्ही ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, एक अडली तर तिन्ही रद्द. त्या नेहमी तारखेच्या क्रमाने घाला, नाहीतर एकाने ३० अडवून ३१ ची वाट पाहायची आणि दुसऱ्याने ३१ अडवून ३० ची, अशी कोंडी होते. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर त्या ओळी काढून टाका.

पैशांचं एक वेगळं पथ्य आहे. ‘पैसे मिळाले’ हा पेमेंट गेटवेचा निरोप कधीकधी दोनदा येतो. तुमचं उत्तर त्याच्यापर्यंत वेळेत पोचलं नाही की तो पुन्हा पाठवतो, आणि त्याने तसंच करायला हवं. सर्व्हर अनेक असतील तर दोन निरोप दोघांच्या हाती पडतील. म्हणून व्यवहार क्रमांकावरही युनिक कन्स्ट्रेंट ठेवा. दुसरा निरोप आला तर मुकाट ‘मिळाला’ म्हणा, पावती पुन्हा बनवू नका.

हे सगळं करण्याआधी एक तपासा. तीच खोली मोठ्या ट्रॅव्हल साइटवरही लावलेली आहे का? कॅलेंडरच्या लिंकने जुळणी होत असेल तर ती काही तासांनी होते, आणि नाताळात काही तास म्हणजे फार झाले. दुहेरी बुकिंग तिथून आलं असेल तर माझी वरची सगळी खटपट त्याला लागू पडणार नाही. त्या आठवड्यापुरत्या खोल्या वाटून ठेवा, किंवा सगळ्या साइटवरच्या शिल्लक खोल्या एकत्र सांभाळणारं चॅनल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर वापरा.

आता आपोआप वाढणाऱ्या सर्व्हरांविषयी. प्रोसेसर ठरावीक टक्क्यांवर गेला की नवा सर्व्हर उभा राहतो, हे खरं. पण ते आधी मोजलं जाणार, मग यंत्र सुरू होणार, प्रोग्राम चढणार, हेल्थ चेक पास होणार. यात काही मिनिटं जातात. एखाद्या प्रसिद्ध माणसाने तुमच्या कुळागराचा व्हिडिओ टाकला तर गर्दी त्याआधीच येऊन गेलेली असेल. सुदैवाने आपल्या गोव्याच्या गर्दीला तारखा असतात. नाताळ, कार्निव्हल, लाँग वीकएंड आणि चवथीला घरी येणारे मुंबईकर, सगळं आधीच माहीत असतं. त्या दिवसांसाठी सकाळपासूनच जादा सर्व्हर लावून ठेवा. वेळापत्रकाने वाढवण्याची सोय सगळीकडे आहे आणि छोट्या धंद्याला तीच जास्त उपयोगी पडते.

जादा सर्व्हरांनी डेटाबेस मोडतो, हे फार थोडे व्हेंडर सांगतात. प्रत्येक सर्व्हर डेटाबेसशी काही जोडण्या उघडून ठेवतो, समजा वीस. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ही डेटाबेसची दोन प्रचलित सॉफ्टवेअरं. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते, मायएसक्यूएलमध्ये १५१. चार सर्व्हरांपर्यंत ठीक. गर्दी वाढली, पाच-सहा झाले, की पोस्टग्रेस नव्या जोडण्या नाकारू लागतो. विनंत्या अडकतात, तरीही वाढवणारी यंत्रणा आणखी सर्व्हर उभे करत राहते, आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल पुन:पुन्हा तीच विनंती पाठवत राहतात. मदतीला आणलेली माणसंच दारात गर्दी करतात. म्हणून सर्व्हर जास्तीत जास्त किती होऊ द्यायचे याची मर्यादा घाला, प्रत्येकाच्या जोडण्या कमी ठेवा, मध्ये थोड्याच जोडण्या सगळ्यांना आळीपाळीने वापरू देणारा कनेक्शन पूलर बसवा. अपयशी विनंती पुन्हा करताना दरवेळी जास्त थांबा, आणि सगळे एकाच क्षणी परत येऊ नयेत म्हणून थांबण्यात थोडा अनियमितपणा ठेवा.

यामागचं गणित संगणकरचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलं. कामाचा एक दशांश भाग एकामागून एकच करावा लागणारा असेल, तर यंत्रं कितीही आणा, वेग दहापटीच्या वर जात नाही. तो एक दशांश आधी कमी करा. पावतीची पीडीएफ, ईमेल, एसएमएस ही कामं गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून करायची गरज नसते. ती रांगेत टाका, मागे दुसरा प्रोग्राम सावकाश करेल. वाचायच्या पानांसाठी डेटाबेसची प्रत ठेवता येते, पण ती मूळ डेटाबेसच्या क्षणभर मागे असते. आत्ताच बुकिंग केलेल्याला ‘माझी बुकिंग’ मध्ये काही दिसलं नाही तर तो घाबरून पुन्हा पैसे भरेल. ते पान मूळ डेटाबेसवरूनच दाखवा.

क्लाउडही पडतो. २८ फेब्रुवारी २०१७ ला देखभाल करताना दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने व्हर्जिनियातली एस३ सेवा काही तास बंद होती आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य साइट तिच्याबरोबर बसल्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. बॅकअपही तिथेच ठेवलेल्यांचा डेटा कायमचा गेला. तुमचा मूळ डेटाबेस मुंबईत असेल तर रोजचा बॅकअप हैदराबादला पाठवा, आणि दर काही महिन्यांनी तो कोऱ्या यंत्रावर उतरवून खरंच उघडतो का ते पाहा.

परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणजे पासपोर्टच्या प्रती तुमच्याकडे साठतात. त्या फोटोंच्याच बकेटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेजच्या त्याच कप्प्यात, ठेवू नका. खोल्यांचे फोटो जगाला दिसायला हवेत, पासपोर्ट कुणालाही नाही. इमारतीची राखण क्लाउड कंपनी करते. कुणाला काय दिसावं हे ठरवणं तुमचं काम, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार जबाबदारीही तुमचीच.

मग तुम्ही नेमकं काय करावं? पहिला महिना क्लाउडचं नावच काढू नका. मुख्य पानावर मोबाइलमधून थेट चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो आहेत का पाहा. ते लहान करून सीडीएनवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइली पुरवणाऱ्या सेवेवर, टाका. डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे जास्त वेळ घेणाऱ्या प्रश्नांची नोंद, चालू करा. तारखेने खोली शोधताना इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सूची) नसल्यामुळे दरवेळी सगळा तक्ता वाचला जातो, हे छोट्या साइटवर मला वारंवार दिसतं, आणि एका ओळीच्या दुरुस्तीने तिथे दहा सर्व्हरांचं काम होतं. मग खोलीची आणि पेमेंटची युनिक बंधनं घाला. एवढ्यावर साइट नाताळ काढू शकेल अशी माझी अपेक्षा आहे. त्यानंतर दोन झोनमध्ये दोन छोटे सर्व्हर, क्लाउड कंपनीने सांभाळलेला आणि दुसऱ्या झोनमध्ये तयार जोडीदार असलेला डेटाबेस, आणि ऑब्जेक्ट स्टोरेज, एवढी मांडणी तुम्हाला काही वर्षं पुरेल. अनेक सर्व्हरांवर प्रोग्राम आपोआप चालवणारी कुबरनेटीस ही यंत्रणा कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. शेकडो सेवा सांभाळणाऱ्यांसाठी ते उत्तम आहे, पण दोन माणसांच्या धंद्यात ते सांभाळायलाच तिसरं माणूस लागेल. खाते उघडाल त्याच दिवशी बिलाची मर्यादा ओलांडल्याची सूचना लावा. बाहेर जाणाऱ्या डेटाचं भाडं वेगळं असतं आणि फोटोंच्या साइटवर तेच फुगतं.

ऑक्टोबरमध्ये, गिऱ्हाईक कमी असताना, जेमीटर किंवा के६ हे चाचणीचं सॉफ्टवेअर वापरून खोटी गर्दी तयार करा. ती साइटच्या हुबेहूब प्रतीवर सोडा, चालू साइटवर नको. पाचशे जण एकाच खोलीवर, एकाच तारखेसाठी तुटून पडताहेत असं चित्र उभं करा आणि शेवटी तक्त्यात किती नोंदी झाल्या ते मोजा. एक आली पाहिजे. तेव्हाच डेटाबेसच्या जोडण्यांचा आकडाही बघत राहा. तो मर्यादेच्या जवळ गेला तर डिसेंबरच्या आत पूलर बसवायला तुमच्याकडे दोन महिने आहेत.